समुद्रपक्ष्यांचा शोधनिबंध : लिहावा कसा, पाठवावा कुठे

गेल्या महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले. अक्षर वळणदार, पण मजकूर वाचून आम्ही अस्वस्थ झालो. त्या लिहितात, मुलगा प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाला आहे. दर पावसाळ्यात तो पहाटे उठून किनारा पालथा घालतो आणि वादळाने येऊन पडलेल्या समुद्रपक्ष्यांची नोंद वहीत करतो. आता कुणी एक गृहस्थ भेटले असून, 'पंधरा हजार भरा, पंधरा दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर छापून देतो' असे सांगत आहेत. बचतगटातून कर्ज काढायची माउलीची तयारी आहे. काढावे काय, एवढेच त्यांनी विचारले आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. काढू नये. त्या गृहस्थांना एक पैसाही देऊ नये. परंतु 'नको' म्हणून हात झटकणे सोपे असते. मग करावे काय, हेही सांगितले पाहिजे. योगायोगाने आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी याच वाटेने गेली आहे. तिने तीन पावसाळे कोकणातल्या एका किनाऱ्यावर हेच काम केले आणि त्याचा निबंध छापून आणला. त्या दोन वर्षांत तिचे रडणे, चिडणे आणि रात्री-बेरात्रीचे फोन आम्ही ऐकले आहेत. तेव्हा हे सारे ऐकीव नाही.

प्रथम त्या पंधरा हजारांचा हिशेब पाहू. खऱ्या विज्ञान-नियतकालिकात लेख आला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. ते फुकट वाचतात, चुका काढतात आणि आपला अभिप्राय कळवतात. याला महिने लागतात. पंधरा दिवसांत 'छापतोच' म्हणणारा माणूस लेख कुणाला दाखवणार नाही, हे उघड आहे. काही चांगली नियतकालिकेही शुल्क घेतात, हे खरे. पण ते किती, हे उघडपणे लिहिलेले असते आणि लेख स्वीकारल्यानंतरच घेतले जाते. आधी पैसे आणि मग कागद, हा दुकानदारीचा मामला. अशा दुकानांचे पीक आपल्याकडे फार आले. त्यांना आळा बसावा म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी काढली. ती यादीही २०२५ मध्ये बंद झाली. शिवाय पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. एखादे विद्यापीठ आपला वेगळा नियम ठेवू शकते, म्हणून आपल्या विद्यापीठात विचारून घ्यावे. पण 'पेपर नाही तर काही नाही' अशी भीती घालून कुणी पैसे काढू पाहत असेल, तर त्याला हे तोंडावर सांगावे.

मग पाठवायचे कुठे? समुद्रपक्ष्यांना वाहिलेली नियतकालिके जगात मोजकीच. त्यांतले एक 'मरीन ऑर्निथॉलॉजी'. हे १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'कॉर्मोरंट' म्हणजे पाणकावळा या नावाने निघाले आणि १९९० मध्ये त्याने सध्याचे नाव घेतले. आज त्यामागे पॅसिफिक सीबर्ड ग्रुप आणि इतर देशांच्या समुद्रपक्षी मंडळांचा हात आहे. त्याचे जुने-नवे अंक कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. गावातल्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट सोन्यासारखी, कारण ज्या नियतकालिकात लिहायचे त्याचे निदान दहा लेख वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. ब्रिटनमधले 'सीबर्ड' हे दुसरे. आणि एकाच पक्ष्याची एकच दुर्मीळ नोंद असेल तर परदेशाची वाट धरायचे कारण नाही. आपले 'इंडियन बर्ड्स' आहे, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे १८८६ पासून निघणारे जर्नल आहे. वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांवरच्या सुरय आणि पाकोळ्यांविषयी हुमायून अब्दुलाली यांनी १९४२ मध्ये याच जर्नलमध्ये लिहिले. आज त्या खडकांवर कोणी अभ्यास करायला निघाला तर त्याला त्या पानांपासून सुरुवात करावी लागते. नीट छापलेली नोंद इतकी टिकते.

आमच्या भाचीने पहिली चूक येथेच केली. तिने सगळ्यात मोठ्या नावाचे परदेशी नियतकालिक शोधले आणि त्याचे नियम न वाचता लेख धाडून दिला. आठव्या दिवशी तो परत आला. कुणा जाणकाराकडे गेलाच नाही. संपादकांनीच दोन ओळींत कळवले की हा विषय आमच्या कक्षेत बसत नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिला वाटले, आपले इंग्रजी पाहून हसले असतील. आम्ही तिला म्हटले, अगं, कापडाच्या दुकानात जाऊन तू तांदूळ मागितलेस, त्यात तांदळाचा काय दोष?

आता वहीकडे वळू, कारण निबंध वहीतून येतो. त्या भगिनीच्या मुलाने रोज काय लिहिले आहे, हे त्याने स्वतःला विचारावे. 'आज मास्क्ड बूबी सापडला' एवढेच लिहिले असेल तर ती बातमी झाली. किती वाजता निघाला, कुठून कुठपर्यंत किती किलोमीटर चालला, ओहोटी होती की भरती, आणि ज्या दिवशी काहीच सापडले नाही तो दिवस लिहिला आहे काय? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शून्याचा दिवस लिहिला नाही तर पक्षी जास्त आले की आपण जास्त चाललो, हे कधीच कळत नाही. तसेच आज मोजलेले कलेवर उद्या पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून त्यावर खूण करावी लागते. खूण करताना हातमोजे हवेत. २०२१ नंतर बर्ड फ्लूने जगभर समुद्रपक्ष्यांची फार मोठी हानी केली आहे, तेव्हा उघड्या हाताने मेलेल्या पाखराला शिवू नये आणि घरातल्या लहान मुलांनाही शिवू देऊ नये. पिसे, चोच किंवा आख्खा पक्षी घरी आणून ठेवायचा तर वनखात्याची परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेला पक्षी मेलेला सापडला तरी तो शासनाची मालमत्ता समजतात. निबंधात परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते. ती नसेल तर फोटो आणि मापांवर भागवावे, पण खोटे लिहू नये.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात येणारी ही पाखरे कुठून येतात हे कळले की माणूस चकित होतो. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीहून थोडा मोठा पक्षी अंटार्क्टिकाच्या बाजूला अंडी घालतो आणि आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात असतो. फ्लेश-फूटेड शिअरवॉटर दक्षिण हिंदी महासागरातील बेटांवरून आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाकडून येतो. सुटी टर्न, ब्रायडल्ड टर्न, नॉडी, मास्क्ड बूबी हे खोल समुद्राचे रहिवासी. वाऱ्याने थकले की किनाऱ्याला लागतात. ओळखण्यात मात्र चूक सहज होते. फ्लेश-फूटेड आणि वेज-टेल्ड हे दोन शिअरवॉटर दुरून सारखेच काळे दिसतात; पहिल्याची चोच फिकट, टोक काळे, पाय मांसाच्या रंगाचे. म्हणून फोटो एक नव्हे, चार हवेत : चोचीचा जवळून, पंखाचा खालून, पायाचा आणि पाठीचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. जाणकारांना आपल्या शब्दापेक्षा तो फोटो पटतो.

आता लिहिणे. शोधनिबंधाचे चार मुख्य भाग : प्रास्ताविक, पद्धत, निष्कर्ष, चर्चा. पुढे सारांश, मागे आभार आणि संदर्भ. मुलांना वाटते, प्रास्ताविकापासून सुरुवात करावी. आमचे म्हणणे उलटे आहे. आधी पद्धत लिहा. तेथे फक्त आपण काय केले ते सांगायचे असते, अडखळायला होत नाही. दुसरा माणूस ते वाचून तसेच काम पुन्हा करू शकेल इतके ते स्पष्ट हवे. मग तक्ते आणि नकाशा तयार करा. नकाशात उत्तर दिशा आणि अंतराची पट्टी विसरू नका. तक्त्यात जे आकडे दिले तेच पुन्हा मजकुरात ओळीने वाचून दाखवू नका. चर्चेत मात्र पाय जमिनीवर ठेवावा लागतो. भाचीने पहिल्या मसुद्यात तीन पावसाळ्यांच्या वहीवरून हवामानबदल सिद्ध करून टाकला होता! आम्ही काही विज्ञानातले नव्हे, पण तीन वर्षांच्या पावसावरून शेतकरीही असे बोलत नाही. ते वाक्य तिने काढले. सारांश सर्वांत शेवटी लिहावा, आणि शीर्षकात कोणते पक्षी, कुठला किनारा आणि कुठली वर्षे ते साधेपणाने यावे. पक्ष्याचे शास्त्रीय नाव पहिल्या उल्लेखाला एकदा तिरक्या अक्षरांत द्यावे. संदर्भ मात्र स्वतः वाचलेलेच द्यावेत. हल्ली संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर लिहून घेण्याची सोय झाली आहे, आणि ती यंत्रे नसलेल्या लेखांचे संदर्भ खुशाल रचून देतात. असे यंत्र लेखक म्हणून लावता येत नाही, अशी भूमिका प्रकाशन-नीतीच्या 'कोप' या संस्थेने २०२३ मध्ये घेतली आहे. भाषा सुधारण्यासाठी मदत घेतली तर ती तशी सांगावी.

इंग्रजीची धास्ती हा वेगळाच विषय आहे. आमची भाची मराठी शाळेत शिकली. तिचे पहिले पान वाचले तेव्हा एकेक वाक्य सहा ओळींचे होते, कारण अवघड लिहिले म्हणजे विद्वान वाटते अशी तिची समजूत. आम्ही तिला एकच सांगितले, 'हे मला मराठीत सांग.' ती म्हणाली, 'मी रोज पहाटे चार किलोमीटर चालले आणि सापडलेला प्रत्येक पक्षी मोजला.' मग इंग्रजीतही तेवढेच लिही, म्हटले. तिने लिहिले. परीक्षकांनी त्या वाक्याला हात लावला नाही. नंतर कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंनी तिचा मसुदा एकदा वाचून दिला, आणि त्यांचे नाव आभारात आले.

आभारांवरूनच आमचे घरात भांडण झाले. ज्या किनाऱ्यावर ती काम करी तेथे एक वृद्ध रापणकर आहेत. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. पहिल्या वर्षी पक्षी कुठे लागतात ते तात्यांनीच दाखवले. 'पाऊस नसलो तरी वारो इलो की पाखरां येतत,' हे त्यांचे वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. मसुद्यात मात्र परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव हुद्द्यासह पूर्ण आले होते, आणि तात्यांच्या वाट्याला 'स्थानिक मच्छीमारांचे आभार' एवढेच. आम्ही विचारले, यांना नाव नाही काय? ती गोंधळली. म्हणाली, 'मामा, सगळ्याच निबंधांत असेच लिहितात.' सगळे लिहितात म्हणून आपणही माणसाचे नाव पुसायचे? त्या दिवशी आवाज चढले. ती शेवटी तात्यांकडे गेली, नाव छापले तर चालेल का असे विचारले, आणि आभारात त्यांचे पूर्ण नाव घातले.

नावांचा दुसरा घोळ वरच्या बाजूला होता. तिच्या मार्गदर्शकांनी, ज्यांचा उल्लेख आम्ही येथे करणार नाही, मसुदा न वाचताच 'माझे नाव पहिले टाक' म्हणून सांगितले. विद्यार्थ्याने अशा वेळी काय करावे? तिने नियतकालिकाचा नियम काढून त्यांच्यापुढे ठेवला : प्रत्येक लेखकाने नेमके काय काम केले ते लिहून द्यावे. 'सर, आपल्या नावापुढे काय लिहू?' एवढेच तिने नम्रपणे विचारले. सरांनी मग मसुदा मागवून घेतला. खरोखर वाचला, चार चांगल्या चुका काढल्या, आणि त्यांचे नाव शेवटी लागले. दरवेळी हे इतके सहज मिटेल असे आम्ही म्हणत नाही. पण नावांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवून कागदावर ठेवावा, हा धडा आम्ही घेतला.

दुसऱ्यांदा तिने लेखकांसाठीच्या सूचना छापून भिंतीला लावल्या आणि एकेक ओळ पुरी झाली की खूण करत गेली. दोन ओळींत मोकळी जागा, प्रत्येक ओळीला क्रमांक, तारखा आणि मापे ठरलेल्या पद्धतीने, चित्रे वेगळ्या फायलीत. ओळींचे क्रमांक कशाला, असे वाटेल; पण परीक्षकाला 'ओळ ११२ पाहा' असे म्हणता यावे म्हणून ते असतात. सोबत संपादकांना एक पानाचे पत्र : आम्ही काय पाहिले, ते या नियतकालिकाच्या वाचकांना का हवे, आणि हा लेख दुसरीकडे पाठवलेला नाही. हे शेवटचे वाक्य खरे असले पाहिजे. एकाच वेळी दोन ठिकाणी लेख पाठवणे हा या व्यवहारात मोठा दोष मानतात. एकाकडून नकार आल्यावरच दुसरीकडे जावे.

मग वाट पाहणे. चार महिने झाले तरी उत्तर नाही, तेव्हा तिने एक सभ्य चौकशीची ओळ पाठवली. त्यात गैर काही नाही. पाचव्या महिन्यात दोन परीक्षकांचे अभिप्राय आले आणि संपादकांचा शेरा होता, 'मोठी दुरुस्ती'. ती म्हणाली, नापास झाले. आम्हाला मात्र ते पत्र दार उघडे ठेवणारे वाटले, कारण ज्याला नाकारायचे त्याच्यावर कुणी अकरा मुद्दे लिहीत बसत नाही. अभिप्राय वाचून एक दिवस बाजूला ठेवावा. राग उतरला की प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर लिहावे : दुरुस्ती केली, अमुक ओळीत केली. आणि पटत नसेल तर तसेही लिहावे, कारणासह. तिने एका पक्ष्याच्या ओळखीबद्दल परीक्षकाचे म्हणणे मानले नाही, पायाचा फोटो जोडला आणि तिचे म्हणणे टिकले. दुसऱ्या एका पक्ष्याबद्दल फोटो अंधुक होता. ती नोंद तिने निमूट काढून टाकली. ती फार दुर्मीळ नोंद होती, जीव तुटला, पण काढली.

सर्वांत अवघड मुद्दा दुसऱ्या परीक्षकांचा होता. परीक्षेच्या दिवसांत आणि आजारपणात ती किनाऱ्यावर गेली नव्हती. त्या दिवसांत पक्षी आले नाहीत कशावरून? याला उत्तर नव्हते. ती तात्यांकडे सहज बोलली, तर ते आत गेले आणि भिंतीवरची तीन वर्षांची कॅलेंडरे घेऊन आले. होडी पाहायला ते रोज पहाटे त्याच वाळूवरून चालत, आणि ज्या दिवशी पाखरू दिसले त्या तारखेला पेन्सिलीने फुली, न दिसले तर बारीक रेघ. ज्या दिवशी स्वतः गेले नाहीत ती तारीख कोरी. म्हणजे शून्याचा दिवस त्यांनीही लिहिला होता, कुणी न सांगता!

तिने घाई केली नाही. दोघेही चाललेल्या दिवसांच्या नोंदी आधी ताडून पाहिल्या; बहुतेक जुळल्या, कुठे जुळल्या नाहीत तेही लिहिले. पुसट तारखा सोडून दिल्या. तात्यांच्या फुल्यांवरून जात कळत नव्हती, म्हणून 'पक्षी आला की नाही' एवढ्यापुरताच त्यांचा वेगळा रकाना केला, स्वतःच्या आकड्यांत मिसळला नाही. पद्धतीच्या भागात कॅलेंडरची हकीकत साध्या शब्दांत आली. आता तात्यांचे नाव आभारात ठेवणे शक्यच नव्हते. नोंदी त्यांच्या, त्यांची जबाबदारी त्यांची. तिने अख्खा मसुदा त्यांना दोन संध्याकाळी मालवणीत समजावून सांगितला, आणि त्यांनी दोन ठिकाणी 'ह्या खरा नाय' म्हणून तिला थांबवले. वाऱ्याची दिशा तिने चुकीची लिहिली होती. संपादकांना नवा लेखक का घेतला ते पत्राने कळवले, सर्वांची संमती जोडली. संगणकावरचा अर्ज मात्र अडून बसला. प्रत्येक लेखकाची संस्था लिहिल्याखेरीज पुढे सरकेना. तिने 'स्वतंत्र निरीक्षक' असे लिहून पुढे गावाचे नाव घातले, आणि अर्ज गेला.

तेव्हा सिंधुदुर्गच्या भगिनींना आमचे सांगणे असे की बचतगटाचे पैसे बचतगटात राहू द्या. मुलाने या आठवड्यात वही घेऊन बसावे आणि चाललेल्या दिवसांची, शून्याच्या दिवसांची आणि फोटोंची वेगवेगळी मोजणी करावी. दुर्मीळ पक्षी एखादाच असेल तर छोटी टीप लिहून देशातल्या नियतकालिकाकडे पाठवावी. सलग वर्षांची वही असेल तर 'मरीन ऑर्निथॉलॉजी'चे अंक उघडून किनाऱ्यावरच्या मृत पक्ष्यांच्या मोजणीवरचे लेख वाचावेत आणि आपली पद्धत त्यांच्याशी लावून पाहावी. किनाऱ्यावर त्याला वाट दाखवणारे कोणी असेल, तर त्यांचे नाव आत्ताच वहीत नीट लिहून घ्यावे. मराठीतला कच्चा मसुदा आमच्याकडे पाठवला तरी चालेल, भाची वाचून देईल असे तिने कबूल केले आहे.

तिच्या लेखाचे प्रूफ आले तेव्हा गावाच्या नावात एक अक्षर चुकले होते. दुरुस्तीला थोडेच दिवस असतात, म्हणून प्रूफ एकट्याने वाचू नये. आमच्या घरी ते चौघांनी मोठ्याने वाचले, आणि चूक सापडली ती तात्यांना.